आकाशातला चकवा

रात्री शेतावरून परतताना वाट चुकून एखादा माणूस त्याच त्या बांधाभोवती फिरत राहिला, की जुनी मंडळी म्हणत, ‘त्याला चकवा लागला.’ माणूस रोजच्या वाटेचा, शुद्धीवर असलेला, तरी पहाटेपर्यंत त्याला घर सापडत नाही, अशा गोष्टी आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत. चकव्यामागे भूतबीत काही नसते. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी काही जणांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगून हे तपासले. सूर्य किंवा चंद्र दिसत असताना माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. ढगांनी सूर्य झाकलेला असताना किंवा चंद्र मावळल्यावर मात्र त्यांची वाट वळत गेली. काहींनी तर आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि ते त्यांच्या लक्षातही आले नाही.

जमिनीवर चकवा लागला तर फार तर एक रात्र उघड्यावर जाते. हाच चकवा विमान चालवणाऱ्याला लागला तर दोन-तीन मिनिटांत प्राण जाऊ शकतात. आपले शरीर सरळ आहे की कललेले, वर चालले आहे की खाली, वळते आहे की नाही, याचा अंदाज साफ चुकणे, याला वैद्यकशास्त्रात ‘स्पेशियल डिसओरिएंटेशन’ म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी स्थितिभ्रम म्हणू.

काही वाचक म्हणतील, ‘डॉक्टर, आम्हाला विमानाशी काय करायचे आहे?’ याला माझी दोन उत्तरे आहेत. एक तर आता गोंदियासारख्या ठिकाणी वैमानिकाचे शिक्षण मिळते आणि लहान गावांतली मुले-मुलीही तिकडे जातात. दुसरे असे की, वैमानिकाला फसवणारी यंत्रणा आपल्या प्रत्येकाच्या कानात आहे. चक्कर येणारी गृहिणी, न्हाणीघरात पडणारे आजोबा आणि विहिरीत सूर मारणारा मुलगा, या सर्वांशी तिचा संबंध येतो.

तोलाची तिवई

आपला तोल तीन पायांच्या तिवईवर उभा असतो. पहिला पाय म्हणजे डोळे. दुसरा पाय म्हणजे स्नायू, सांधे आणि तळपाय यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. तिसरा पाय म्हणजे अंतःकर्ण, म्हणजे कानाचा सर्वांत आतला भाग. ऐकण्याचे काम करणाऱ्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारा अवयव कवटीच्या हाडात बसवलेला आहे.

या अवयवात दोन प्रकारची व्यवस्था आहे. पहिली व्यवस्था तीन अर्धवर्तुळाकार नलिकांची. त्या एकमेकींशी काटकोनात असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. प्रत्येक नलिकेत जेलीसारखा एक नाजूक पडदा असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. त्यामुळे पडदा वाकतो आणि मेंदूला कळते की आपण वळलो.

दुसरी व्यवस्था गवंड्याच्या ओळंब्यासारखी आहे. जेलीच्या थरावर चुनखडीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. डोके कलले की हे कण वजनाने सरकतात आणि खाली कोणत्या बाजूला आहे हे मेंदूला समजते.

ही रचना चालण्या-धावण्यासाठी उत्तम आहे. पण तिच्यात एक मर्यादा आहे. ती समजून घ्यायची असेल तर मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी हात धरून गरगर फिरतात. फिरणे एकसारखे चालू राहिले की नलिकेतला द्रवही नलिकेच्याच वेगाने फिरू लागतो आणि वाकलेला पडदा सरळ होतो. थांबल्यावर नलिका थांबते, पण द्रव फिरतच राहतो. पडदा उलट्या बाजूला वाकतो. म्हणून जागेवर उभे असूनही घर उलट दिशेने फिरते आहे असे वाटते.

याचा अर्थ असा की, कानाला फिरणे कळत नाही. फिरण्यात झालेला बदल तेवढा कळतो. एकाच वेगाने चाललेले वळण दहा-वीस सेकंदांत त्याच्या लेखी संपते, आणि अगदी हळूहळू सुरू झालेले वळण त्याला मुळातच जाणवत नाही. फुगडीत डोळे उघडे असतात, पायाखाली जमीन असते, म्हणून क्षणात सावरता येते. विमान ढगात शिरल्यावर या तिवईचे दोन पाय निघून जातात.

ढगात काय होते

ढगात, धुक्यात किंवा काळोख्या रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, म्हणजे डोळे निकामी झाले. विमान वळताना शरीर खुर्चीत दाबले जाते, म्हणून वळणातही ‘खाली’ ही दिशा खुर्चीकडेच वाटते. स्नायूंची साक्षही अशी खोटी ठरते. उरला एकटा कान, आणि त्याची मर्यादा आपण वर पाहिली.

आता समजा, विमान हळूहळू डावीकडे कलू लागले. कानाला ते कळले नाही. वैमानिकाला वाटते आपण सरळ आहोत. कललेले विमान वळू लागते आणि त्याचे नाक खाली येते. वेग वाढतो, उंची घटते. उंची घटलेली पाहून वैमानिक नाक वर ओढतो. पण विमान कललेले असल्याने ते वर जाण्याऐवजी आणखी घट्ट वळते. गोल जिन्यावरून उतरावे तसे ते फिरत फिरत खाली येते. वैमानिक इंग्रजीत याला ‘ग्रेव्हयार्ड स्पायरल’ म्हणतात, म्हणजे स्मशानाकडे नेणारा फेरा.

त्याने यंत्र पाहून विमान सरळ केले तरी कान त्याला स्वस्थ बसू देत नाही. फुगडी थांबल्यासारखी अवस्था होते. विमान प्रत्यक्ष सरळ असते, पण आता आपण उजवीकडे कललो असे त्याला आतून ठाम वाटते. जो कानाचे ऐकतो तो पुन्हा डावीकडे कलतो.

ओळंब्याचे कणही फसवतात. डोके मागे कलले की हे कण मागे सरकतात आणि वाहन जोरात पुढे निघाले तरी ते मागेच सरकतात. या दोन्हींतला फरक त्यांना कळत नाही. रात्री धावपट्टी सोडून विमान वेग घेते तेव्हा वैमानिकाला वाटू शकते की नाक फार वर गेले आहे. ते खाली करावे म्हणून तो दांडी पुढे ढकलतो, आणि खाली जमीन किंवा समुद्र असतो.

हे किती लवकर घडते? १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना, सोबत प्रशिक्षक ठेवून, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसांपैकी प्रत्येकाच्या हातून विमानाचा ताबा गेला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत. वैमानिकांच्या शाळांत हा आकडा आजही सांगितला जातो.

अनुभवी माणसेही सुटत नाहीत

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनियर स्वतः विमान चालवत होते. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. खाली काळा समुद्र होता आणि हवेत धुरकट झाक होती. विमान समुद्रात कोसळून तिघेही गेले. चौकशीत कारण निघाले स्थितिभ्रमाचे. केवळ यंत्रांच्या आधारे उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता.

मात्र परवाना असला म्हणजे धोका टळतो असेही नाही. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात प्रसिद्ध बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर ढगात शिरून टेकडीवर आदळले आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाकडे यंत्रांवर उडण्याचा परवाना होता. ‘मी वर चढतो आहे’ असे तो नियंत्रण कक्षाला कळवत होता, त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे जाणवत होते ते तो सांगत होता.

आपल्या अगदी जवळची घटना मुंबईची आहे. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री साडेआठनंतर एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. प्रवासी आणि कर्मचारी मिळून आत २१३ जण होते. किनारा ओलांडल्यावर विमान ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनच्या समोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले होते. विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे ते दाखवत राहिले. बाहेर काळोख, खाली समुद्र, क्षितिज कुठेच नाही. कॅप्टनने विमान डावीकडे वळवले आणि ते कलतच गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. एकही जण वाचला नाही.

या अपघातावरून कोणी म्हणेल, ‘मग यंत्रावर तरी विश्वास कसा ठेवायचा?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, कॉकपिटमध्ये कल दाखवणारे यंत्र एकच नव्हते. सहवैमानिकासमोर वेगळे होते, शिवाय एक राखीव होते. एका यंत्राचा दुसऱ्याशी मेळ घालायला हवा होता, आणि त्यासाठी हातात मोजके सेकंद होते. शरीराचा अंदाज त्या काळोखात त्यांच्या कामी येण्यासारखा नव्हता. सर्व वैमानिकांनी यातून घेतलेला धडा हा की, यंत्राची खातरजमा दुसऱ्या यंत्राने करावी, मनाला काय वाटते त्यावरून करू नये.

डॉक्टरची फिरती खुर्ची

वैमानिकांना हा धडा सर्वप्रथम पटवून देण्यात एका डॉक्टरचा वाटा आहे, हे आम्हा वैद्यक मंडळींना अभिमानाचे वाटते. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान धूत असत. पाणी फार गार किंवा फार गरम असले की रुग्णांना गरगरते, हे त्यांच्या लक्षात आले. या धाग्यावरून त्यांनी अंतःकर्णातील तोलाची यंत्रणा उलगडली. त्यासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा बारानी रशियाच्या युद्धकैदेत होते! डोळे मिटलेल्या रुग्णाला बसवून फिरवायची खुर्ची त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९२६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अमेरिकी लष्करातील डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी विल्यम ओकर या मुरब्बी वैमानिकाला अशा खुर्चीत बसवले. फिरणारी खुर्ची मंदावली तेव्हा डोळे मिटलेल्या ओकरला वाटले, आपण उलट दिशेला फिरतो आहोत. एवढा कसलेला वैमानिक, पण उत्तर चुकले. ओकरने पुढे एका खोक्यात वळण दाखवणारे यंत्र आणि विजेरी बसवली. खोक्यात पाहत तो खुर्चीत बसला आणि सर्व उत्तरे बरोबर दिली. कान तोच, खुर्ची तीच. फरक इतकाच की आता त्याने काट्याचे ऐकले.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल या वैमानिकाने न्यूयॉर्कजवळ आपली बैठक पूर्ण झाकून, केवळ यंत्रे पाहून विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. त्यात स्पेरी यांनी बनवलेले कृत्रिम क्षितिज होते. जोरात फिरणारा भोवरा आपली उभी दिशा सहसा सोडत नाही, या तत्त्वावर ते चालते. आपण अंगणात खेळलेला भोवराच तो!

आपल्याकडे बंगळुरू येथे भारतीय हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन ही संस्था आहे. तेथे वैमानिकांना हा भ्रम जमिनीवरच मुद्दाम अनुभवायला लावतात. एकदा स्वतःचा कान खोटा बोललेला पाहिला की माणूस यंत्राचा मान राखायला शिकतो.

वैमानिकाने प्रकृतीची काही पथ्येही पाळायची असतात. सर्दीने कान दडपले असतील, झोप झाली नसेल किंवा गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेतली असेल, तर उडू नये. ढगात डोके झटकन वाकवू किंवा वळवू नये. दारू तर अंतःकर्णातील पडद्यातच शिरते. प्यालेल्या माणसाला अंथरुणावर पडल्यावर खोली फिरताना दिसते ती यामुळेच. आपल्या देशात उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे.

जमिनीवरच्या माणसांसाठी

आता आपल्याकडे वळू. माझ्या दवाखान्यात चक्करेचे रुग्ण नेहमीच येतात. त्यांच्यासाठी यातून काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

१) कानाच्या पडद्याला भोक असणाऱ्यांनी विहिरीत किंवा नदीत सूर मारू नये. गार पाणी आत शिरले की बारानींच्या रुग्णांसारखे गरगरते. पाण्याखाली वर-खाली समजेनासे होते आणि पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. ज्या मुलाचा कान वाहतो त्याला सुटीत पोहायला पाठवण्यापूर्वी कान तपासून घ्या.

२) वयोवृद्धांच्या तिवईचे पाय आधीच कमजोर असतात. मोतीबिंदूने डोळे मंद झालेले असतात. जुन्या मधुमेहाने किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तळपाय बधिर झालेले असतात. अशी व्यक्ती दिवसा ठीक चालते, पण अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की, तोल जातो. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर लहान दिवा ठेवा, भिंतीला धरायला दांडी लावा, आंघोळीला बसायला स्टूल द्या. डोळे मिटल्यावर तोल जातो हे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

३) अंथरुणावर कूस बदलताना काही सेकंद घर फिरत असेल, तर बहुधा ओळंब्यातले चुनखडीचे कण सुटून नलिकेत शिरलेले असतात. पुष्कळ जण याला ‘मानेचे मणके’ समजून महिनोन् महिने पट्टा बांधतात. डोके ठरावीक क्रमाने वळवून डॉक्टर हे कण जागेवर आणू शकतात आणि बऱ्याच रुग्णांना लगेच आराम पडतो.

४) चक्करेबरोबर बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हात-पाय लुळा पडत असेल, अचानक भयंकर डोके दुखत असेल किंवा आधाराशिवाय उभे राहता येत नसेल, तर तो कानाचा नव्हे, मेंदूचा आजार असू शकतो. घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे.

शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. रक्तदाब मोजल्यावर रुग्ण मला सांगतात, ‘डॉक्टर, मला तर काहीच होत नाही. चालतो-फिरतो, जेवण जाते, मग गोळी कशाला?’ मधुमेहाच्या बाबतीतही हेच ऐकतो. ढगातल्या वैमानिकालाही काहीच होत नसते. त्याला आपण सरळच चाललो आहोत असे वाटते आणि उंचीचा काटा उतरत असतो. हळूहळू होणारा बदल शरीराला कळत नाही, मग ते विमानाचे कलणे असो की रक्तदाबाचे वर्षानुवर्षे वाढणे असो. कळते तेव्हा पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार होऊन गेलेला असतो.

यंत्राविषयी शंका आली तर ती जरूर घ्या. पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी मोजा, घरचे यंत्र दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहा. इतके करूनही आकडा तोच आला, तर तो खरा माना. गवंडी भिंत सरळ आहे का हे नजरेने ठरवत नाही, ओळंबा लावतो. तुमच्या घरात कोणी ‘मला बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केली असेल, तर त्यांना या आठवड्यात जवळच्या दवाखान्यात न्या आणि एकदा मोजून घ्या.